चर्चच्या बाजूची खूण

राहकामेकी गावात कुणी कुणाला 'कुठे होतास?' असं विचारत नाही. दुसऱ्याच्या ताटात डोकावू नये, त्यातलाच हा प्रकार. माणूस दारात आला की कॉफी ओतायची, राय धान्याची भाकरी पुढे सरकवायची आणि खिडकीबाहेर बघत बसायचं. त्याला सांगायचं असेल तर तो सांगेल. बहुतेक जण सांगत नाहीत. त्यामुळे ताहवो परत आला त्या संध्याकाळी त्याच्या बायकोने, साइमीने, त्याला काही विचारलं नाही, आणि पुढे गावानेही विचारलं नाही. कुणी याला सभ्यपणा म्हणेल, कुणी भित्रेपणा. दोन्ही होतं.

ताहवो क्रॅनबेरी वेचायला म्हणून घरामागच्या दलदलीत गेला होता. पहिला कडक गारठा पडून गेला की ती फळं गोडीला येतात, आणि नेमकं त्याच दिवसांत धुकं असं उतरतं की स्वतःचे बूट दिसत नाहीत. तो त्या रात्री आला नाही. दुसऱ्या दिवशी सगळं गाव लांब काठ्या घेऊन शेवाळ टोचत फिरलं, तिसऱ्या दिवशीही फिरलं, आणि मग बर्फ पडला तसा शोध थांबला. दलदल घेते ते परत देत नाही, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ताहवोची आई म्हणाली, त्याला थडगं नाही मिळालं ते नाही, निदान झाड तरी मिळू दे.

झाड म्हणजे त्या घराचा कारसिक्को. घरापासून चर्चकडे जी जुनी पायवाट जाते तिच्यावर, आवाजाच्या टप्प्यात, एक जुनं पाइन उभं आहे. खालच्या फांद्या छाटलेलं. घरातलं माणूस गेलं की शवपेटी चर्चला नेताना तिथे थांबायचं, सालीचा वीतभर तुकडा काढायचा आणि आतल्या लाकडात नावाची दोन अक्षरं आणि मृत्यूचं वर्ष कोरायचं. हेतू शोभेचा नव्हता. मेलेल्या माणसाला घराची ओढ लागली आणि तो उठून निघाला, तर वाटेत त्याला स्वतःचंच नाव दिसावं. ते त्याने वाचावं, आपण मेलोय हे त्याला आठवावं आणि त्याने मुकाट्याने मागे फिरावं. म्हणून खुणा सगळ्या चर्चच्या बाजूला तोंड करून. थडगी चर्चपाशी, येणार तर तिकडूनच येणार ना.

ताहवोची खूण शेजारच्या ओइवाने कोरली, रविवारी दुपारी, सगळ्यांच्या देखत. पिढ्यान्‌पिढ्या जशी कोरत आले तशीच, चर्चच्या बाजूला. ताहवो चर्चकडे नाहीच, तो दलदलीत आहे आणि दलदल घराच्या मागे आहे, हे इतक्या शहाण्या माणसांतल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. त्याच संध्याकाळी ताहवो मागच्या दाराने आत आला. टोपली क्रॅनबेरींनी काठोकाठ भरलेली, फळांवर बर्फाचा पातळ पापुद्रा. टोपली बाकावर ठेवून त्याने विचारलं, कॉफी आहे का.

साइमीने ओतली. त्याची आई कोपऱ्यात विणत बसली होती. तिने मुलाकडे एकदा नीट पाहिलं, विणकाम गुंडाळलं आणि सकाळी उजाडताच पलीकडच्या गावी लेकीकडे राहायला गेली. ती पुन्हा त्या घरात आली नाही. कारणही तिने कधी कुणाला सांगितलं नाही, आणि अर्थात, तिला कुणी विचारलंही नाही.

साइमी काही खुळी नव्हती. त्याच्या अंगातला कोट काढून घेताना तिचा हात त्याच्या मनगटाला लागला होता. तेवढ्यात तिला जे कळायचं ते कळलं, आणि जे ठरवायचं तेही तिने तिथेच ठरवलं. ती त्याला मेलेला म्हणाली नाही आणि जिवंतही म्हणाली नाही, ताहवो म्हणाली. नियम तिला पक्का माहीत होता. ज्या दिवशी तो ती खूण वाचेल त्या दिवशी तो जाईल. तेव्हा त्याने ती वाचता कामा नये, एवढंच तिचं पुढच्या आयुष्यातलं काम उरलं.

आणि ते तिने वीस वर्षं निभावलं. ते फारसं अवघड गेलं नाही, हेही खरं. मोटारीचा रस्ता घराच्या दुसऱ्या अंगाने झाला, चर्चची पायवाट ब्लूबेरीच्या झुडपांनी भरून गेली. ताहवोला आधीही चर्चची फारशी आवड नव्हती. त्या बाजूची अळंबी साइमी स्वतः आणायची आणि तिकडे साप फार झालेत असं सांगायची. कारसिक्कोला उगाच भेटायला जायची पद्धतही नाही, तिथे काही हवापालट करायला कुणी जात नाही. आणि गावाने मूग गिळले होते. झाकली मूठ सव्वा लाखाची.

नवरा म्हणून तो चांगला होता. पूर्वीपेक्षा चांगलाच, कारण आता पीत नव्हता. लाकडं फोडायचा, छपराची डागडुजी करायचा, जेवायला बसला की वाढलेलं संपवायचा. सॉनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीत, सगळ्यात वरच्या फळीवर तासन्‌तास बसायचा आणि त्याला घामाचा थेंब फुटत नसे. रात्री साइमी त्याच्याकडे पाठ करून, दोन रजया घेऊन झोपायची आणि मागून त्याचा हात अंगावर आला की तो दूर करायची नाही. तिचे केस पांढरे झाले, गुडघे बोलायला लागले. तो मात्र गेला होता त्या वयाचा राहिला. दलदलीतलं पाणी काही कुजू देत नाही, शंभर वर्षांचं लोण्याचं भांडं त्यातून ताजं निघतं. एकदा दुकानात एका नवख्या पोरीने साइमीला थट्टेने विचारलं होतं, नवऱ्याला काय खायला घालतेस गं, आम्हालाही सांग. तेव्हा रांगेतल्या सगळ्यांना एकदम माशांच्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या वाचायची निकड आली.

एकच गोष्ट तिला सलायची. संध्याकाळ झाली की ताहवो खिडकीशी जाऊन उभा राहायचा. काहीतरी आणायला खोलीत यावं आणि काय आणायचं तेच विसरावं, तसं त्याचं तोंड व्हायचं. शरद ऋतूत तर तो उठून दलदलीच्या काठापर्यंत जायचा, तिथे थांबायचा आणि परत यायचा. "काहीतरी राहून गेलंय गं," तो म्हणायचा. "आठवत नाही." साइमी म्हणायची, आठवेल, आणि दिवा लावायची. अशा वेळी तिला स्वतःची लाज वाटायची. पण लाज गिळता येते. रिकामं घर गिळता येत नाही.

असं सगळं बरं चाललं होतं आणि गावात काइसू आली.

काइसू हेलसिंकीची. शाळेची जुनी इमारत घेऊन तिथे राहायला आली आणि वर्षभरात गावसंघाची अध्यक्षही झाली, कारण दुसऱ्या कुणाला व्हायचं नव्हतं. वाईट बाई नव्हती. उत्साह मात्र असा की बघणाऱ्याला दम लागावा. तिने ठरवलं की राहकामेकीला निसर्गवाट हवी. जंगलातून खुणा, दलदलीवरून फळ्यांची वाट, मध्ये शेकोटीचा आडोसा आणि जागोजागी माहितीचे फलक. श्रमदानाची हाक दिली तशी माणसं आली, श्रमदानाला नाही म्हणणं तिथे चोरी करण्यापेक्षा वाईट समजतात. दलदल कुठे भार घेते आणि कुठे घेत नाही हे ठाऊक असलेला एकच माणूस होता, ताहवो. साइमीने फक्त एवढं विचारलं, वाट कशी जाणार. घरामागून दलदलीवरून आडोशापर्यंत आणि त्याच वाटेने परत, असं कळल्यावर ती हो म्हणाली.

ताहवोने सगळा उन्हाळा फळ्या टाकल्या. बाकीचे ओंडक्यांवर तोल सावरत, डास मारत, शिव्या देत काम करायचे. तो मधल्या थरथरत्या शेवाळावरून सरळ चालत जायचा, गुडघाभर आत जायचा आणि बाहेर यायचा तेव्हा पायाला चिखलही नसायचा. काइसूला त्याचं फार कौतुक वाटायचं. गावातले पुरुष तेव्हा खिळे मोजण्यात गुंतलेले असायचे.

ऑक्टोबरात, वाट उघडायच्या आदल्या दिवशी, काइसू साइमीच्या स्वयंपाकघरात आली. ताहवो लाकडांच्या खोपटात करवतीला धार लावत होता, त्याचा खर्र खर्र आवाज येत होता. दुसरी कॉफी होईपर्यंत काइसूने थंडीचा आणि क्रौंच पक्षी कधी गेले याचा विषय काढला, मग हळूच मुद्द्यावर आली. गेलेल्याच वाटेने परत येणं लोकांना कंटाळवाणं होईल. म्हणून तिने परतीची वाट बदलली होती. आडोशाकडून डावीकडे वळायचं, चर्चच्या जुन्या पायवाटेला लागायचं आणि तिच्यावरून थेट साइमीच्या अंगणात. झाडांवर नारिंगी ठिपके देऊनही झाले होते.

"आणि ते झाड," काइसू म्हणाली. "साइमी, तुझ्या दारात एवढी मोठी गोष्ट आहे आणि तू बोलली नाहीस. तिथे मी फलक लावणार आहे. फक्त एक सांग, सगळ्यात खालची खूण तर फार जुनी नाही. ती कुणाची?"

"घरातल्याच एकाची."

"त्याच्या ओळखीचं कुणी आहे का अजून? दोन ओळी लिहिता येतील."

"आहेत की थोडे," साइमी म्हणाली. बाहेर करवतीचा आवाज थांबला की तिचा श्वास थांबत होता आणि सुरू झाला की सुरू होत होता. वाट बदलता येणार नाही का, असं तिने विचारून पाहिलं. काइसूने हसून सांगितलं की नकाशेही लागलेत, आणि साइमीला काळजी अंगण तुडवलं जाण्याची असेल तर ती स्वतः सगळ्यांना कडेकडेने नेईल.

ती गेल्यावर साइमी शाल गुंडाळून ओइवाकडे गेली. ओइवा आता ऐंशीला टेकला होता, हात थरथरत होते. पण खूण त्याच्याच हातची होती, म्हणून तिला दुसरीकडे कुठे जाता येत नव्हतं. खूण तासून टाक, असं ती म्हणाली. ओइवाने चुलीत एक लाकूड सारलं. कारसिक्कोला लोखंड लावलं तर झाड त्या घरातल्या दुसऱ्या कुणाचा तरी जीव घेतं, हे तिला तो सांगणार नव्हता, कारण ते तिला माहीत होतं.

"मग रंग," साइमी म्हणाली. "रंग म्हणजे काही लोखंड नव्हे."

श्रमदानातला उरलेला नारिंगी रंग ओइवाच्याच गोठ्यात होता. त्याने डबा आणून दिला, वर कुंचलाही दिला. दारापर्यंत तो तिच्याबरोबर आला आणि उंबऱ्यावर थांबून म्हणाला, "साइमी, तो दमलाय गं."

"तू कॉफी घ्यायला येत नाहीस, तुला काय कळतंय तो दमलाय का ते."

"लांबून जास्त कळतं."

ती डबा उचलून तडक निघाली. इतका राग तिला कित्येक वर्षांत आला नव्हता, आणि ज्याचा राग यावा असं तो काही बोललाही नव्हता.

पाइनशी ती उजेड असतानाच पोचली. वरच्या खुणा जवळजवळ बुजल्या होत्या, सासऱ्याची, त्याच्या आईची, कुणा लहान मुलाची. ताहवोची मात्र कालच कोरल्यासारखी. ओइवाचा हात त्या काळी चांगला होता, अक्षरं खोल आणि रेखीव. साइमीने नजर जराशी बाजूला ठेवून, कुंचला भरभरून, त्यावर रंग चोपडला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. दोन तळहातांएवढा नारिंगी डाग झाला तेव्हा ती थांबली. जंगलात एकही पक्षी बोलत नव्हता. तिला पाठीवर थंडी जाणवली, आणि मागे वळायचं नाही असं बजावत ती घरी आली. ताहवो खिडकीशी उभा होता. तिच्या बोटांवरचा रंग त्याने पाहिला आणि काही विचारलं नाही.

रविवारी सकाळी तिने त्याला घरीच ठेवायचा प्रयत्न करून पाहिला. सॉना तापवायला हवा, पाहुणे येतील, पंपाचा दांडा ढिला झालाय. तो म्हणाला, सॉना संध्याकाळी तापवू. काइसूने मला पुढे चालायला सांगितलंय. त्याने स्वच्छ सदरा घातला होता, केस पाण्याने बसवले होते. वीस वर्षांत कुणी त्याला कशासाठी पुढे बोलावलं नव्हतं, आणि तो खूश होता, हे तिला दिसत होतं. ती मुकाट्याने बुटांत पाय घालून त्याच्याबरोबर निघाली.

सगळं गाव आलं होतं. काइसूने छोटंसं भाषण केलं आणि रांग निघाली. पुढे ताहवो, त्याच्यामागे साइमी, मग काइसू, मग काठी टेकत ओइवा आणि बाकीचे. दलदलीवर धुकं होतं. फळ्यांवर दहिवर गोठून पांढरं झालं होतं, प्रत्येकाच्या पावलाखाली फळी दबायची, खालचं काळं पाणी चुळकन वर यायचं आणि पुन्हा आत जायचं. साइमी ताहवोच्या पावलांकडे बघत चालली होती. त्याच्या फळ्या दबत नव्हत्या. त्याच्या मागचं दहिवरही मोडत नव्हतं. ते मोडत होती ती, पहिली पावलं तिची उमटत होती, आणि मागून येणाऱ्यांना वाटत असावं की रांगेत पुढे तीच आहे. तिने पावलं मुद्दाम पसरट टाकायला सुरुवात केली. असल्या गोष्टींची तिला सवय होती.

आडोशाला शेकोटी पेटली, सॉसेज भाजले गेले, लोक मोहरी मागू लागले. ताहवोने दोन खाल्ले. साइमीला वाटलं, इथून तो आता आपणहून म्हणेल, चल मागे जाऊ. पण काइसूने डावीकडे हात केला आणि ताहवो नारिंगी ठिपक्यांमागे सरळ चालू लागला. हातावर हात ठेवून बघत बसायचं नाही म्हणून तिने त्याची बाही धरली. माझे गुडघे दुखतायत, म्हणाली. तो थांबला, तिचा हात काखेत घेतला आणि म्हणाला, हळू जाऊ, जवळच आहे, ही तर बापाच्या झाडाची वाट.

मग काही इलाज उरला नाही. झाडं दाट झाली, पायाखाली सुया आल्या, आणि एका वळणावर ते पाइन समोर उभं राहिलं. चर्चच्या बाजूने येत होते ते. डाग लांबूनच दिसत होता.

काइसूला ते मुळीच आवडलं नाही. खूण तळहाताएवढी असावी असं तिने दहादा सांगितलं होतं, आणि हा कुणी बादली ओतल्यासारखा रंग, तोही नेमक्या ह्या झाडावर. रांग आपोआप थांबली.

ताहवो झाडाजवळ गेला. त्याला नीटनेटकं काम आवडायचं, आणि हे त्याच्या बापाचं झाड होतं. थंडीमुळे रंग सुकला नव्हता. त्याने वाकून मूठभर शेवाळ उपटलं, दलदलीतली माणसं हात पुसायला घेतात तसं.

"राहू दे," साइमी म्हणाली. "ताहवो, राहू दे ते."

"अगं, निघतंय की."

तो पुसत गेला. वरचा रंग शेवाळाला लागून निघाला, आणि अक्षरांच्या खाचांत जो भरला होता तो तिथेच राहिला. फिक्या लाकडावर दोन अक्षरं आणि वर्षाचे आकडे नारिंगी होऊन उभे राहिले. ओइवाने कोरली तेव्हाही खूण इतकी ठसठशीत नव्हती. साइमीने झाकायला जे केलं त्यानेच ती वाचता येण्यासारखी झाली होती.

ताहवोने वाचलं. सावकाश, शाळेतल्या मुलासारखे ओठ हलवत. मग शेवाळ खाली ठेवलं.

"हे मी क्रॅनबेरीला गेलो त्या वर्षीचं."

"हो," साइमी म्हणाली.

"कधी कोरलं?"

"तू आलास त्याच दिवशी. दुपारी."

त्याने मान हलवली. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती. तिथे राग असेल, भीती असेल, असं तिला इतकी वर्षं वाटत आलं होतं, आणि त्या भीतीपायी कित्येक रात्री ती जागी राहिली होती. तसलं काही नव्हतं. वीस वर्षं दर संध्याकाळी त्याच्या कपाळावर जी आठी पडायची ती गेली होती. हरवलेली किल्ली सापडल्यावर माणसाचं तोंड सैल पडतं, तसं ते सैल पडलं होतं.

"हेच राहून गेलं होतं होय," तो म्हणाला. "आणि मी आपला खिडकीशी उभा."

"मी सांगायला हवं होतं."

"हवं होतं."

"मला तू हवा होतास."

"ते कळत होतं गं," ताहवो म्हणाला. "नाहीतर एवढे दिवस कोण राहिलं असतं."

तिच्या हातात पुन्हा त्याची बाही आली होती. ती तशीच धरून राहावी, ओरडावं, सगळ्यांसमोर त्याच्या पाया पडावं, असं तिच्या मनात येऊन गेलं. पण वीस वर्षं तिने त्याला धरूनच ठेवलं होतं आणि तो एकदाही बाही हिसकावून गेला नव्हता. आताही तो हिसकावत नव्हता, नुसता उभा होता, तिने सोडायची वाट बघत. तिला ते सहन झालं नाही. तिने बोटं एकेक करून सोडवली.

"लाकडं वसंतापर्यंत पुरतील," तो म्हणाला. "धुराड्यातली काजळी मात्र कुणाकडून तरी काढून घे. मी ती पुढच्या आठवड्यात काढणार होतो."

मग तो वळला आणि आलेल्या वाटेने निघाला. रांगेतली माणसं दोन्ही बाजूंना सरली. कुणी त्याच्या खांद्याला स्पर्श केला नाही, पण कुणी तोंडही फिरवलं नाही. जाता जाता त्याने ओइवाकडे बघून मान लववली, चांगलं काम केलेल्या माणसाकडे बघून लववतात तशी. झाडांतून तो दलदलीपाशी पोचेपर्यंत त्याचा पांढरा सदरा दिसत होता. फळ्यांवर पाऊल पडल्याचा आवाज आला नाही. धुक्यात सदरा दिसेनासा झाला तरी सगळे तिकडेच बघत राहिले.

"तो उलटा का गेला?" काइसूने विचारलं. तिचा आवाज एकदम लहान झाला होता. "खुणा तर इकडे आहेत. थांबायचं का आपण त्याच्यासाठी?"

ओइवाने टोपी काढली. त्याच्यामागच्याने काढली, मग त्याच्यामागच्याने, अशा शेवटपर्यंत टोप्या उतरल्या. काइसूने एकेकाच्या उघड्या डोक्याकडे पाहिलं, झाडावरच्या नारिंगी अक्षरांकडे पाहिलं, साइमीकडे पाहिलं, आणि स्वतःची लोकरीची टोपी ओढून हातात घेतली. एका बाईने खालच्या सुरात अंत्ययात्रेचं भजन धरलं. कुणालाच ते धड येत नव्हतं, पण सगळे म्हणू लागले.

साइमी तेव्हा रडली. तो हरवला त्या शरदात तिला रडायला वेळच मिळाला नव्हता, शोधायचं होतं, आणि मग रडण्याआधीच तो परत आला होता. आता ती झाडाला टेकून, नाक गळू देत, मोठ्याने, लाज सोडून रडली. नारिंगी रंग तिच्या कोटाला लागला. लोक टोप्या हातात धरून उभे राहिले आणि तिचं रडणं संपेपर्यंत कुणी घड्याळाकडे बघितलं नाही.

ओइवा काठी टेकत तिच्याजवळ आला. त्याने तिला आपला रुमाल दिला आणि तिचा हात धरला. त्याचा हात म्हातारा, खरखरीत आणि ऊबदार होता. साइमी त्या हाताकडे बघत राहिली.

"गार असायचा रे तो," ती म्हणाली. "पण असायचा."

मग काइसूने हळूच विचारलं की जायचं का, आणि सगळी माणसं साइमीला पुढे घालून तिच्या घराकडे निघाली.